उंबरखारचं धुवणतळं

हे समोर दिसतंय ते धुवणतळं. चारही बाजूंनी जास्वंदीचं कुंपण आहे, पूर्वेला दगडी पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या पायरीवरून वाकून बघितलंत तर मासे दिसतील. बोटाएवढे, रुपेरी, शेपटीशी काळा ठिपका. त्यांचं खरं नाव पुस्तकवाल्यांना विचारा, आम्ही त्यांना नुसतं ‘तळ्याचे’ म्हणतो. बाकी नजर जाईल तिथवर मिठागरं. खाडीचं पाणी दोन्ही अंगांनी आमच्या उंबरखारला भिडलेलं, आणि मध्ये हे एवढंच गोडं पाणी.

आणि ताई, ती शांपूची पुडी तेवढी पिशवीत ठेवा. रागवत नाही, पण इथे ती फोडायची नाही. रिठे-शिकेकाईसुद्धा या पायऱ्यांवर चालत नाही. मागे एक बाई आल्या होत्या, त्यांनी मला बाटलीवरचं हिरवं पान दाखवलं. म्हणाल्या, सगळं झाडपाल्याचं आहे, यानं कोणाचं काय बिघडणार? मी म्हटलं, झाडाच्या फळानंच आमच्या गावाचं पाणी घालवलं होतं. मग त्यांना जी गोष्ट सांगितली तीच तुम्हाला सांगते. मला माझ्या सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. बसा, पायऱ्या अजून तापलेल्या नाहीत.

पूर्वी मीठ डोक्यावरून वाहायचे. कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, मीठ धरलं की पुरुष ते ओढून बांधावर काढत आणि बायका पाट्या भरून राशीवर नेऊन टाकत. ओलं मीठ ते. त्याचं खारं पाणी पाटीतून चुंबळीत, चुंबळीतून केसांत, केसांतून मानेवर. वर दिवसभराचं ऊन. हंगाम संपेपर्यंत केसांचा काथ्या होई. फणी घातली की केस तुटून फणीतच राहत. असे बरेच हंगाम काढलेल्या बायकांच्या टाळूवर मग काही उरतच नसे, आणि त्या घरातसुद्धा डोक्यावरचा पदर खाली घेत नसत. मिठागरातल्या बाईचं डोकं असंच असायचं, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बायकांनीसुद्धा. केस धुवायला तळ्याकाठची चिकणमाती होती, तीही आठवण झाली तर.

अशा या गावात, म्हणे, राही नावाची एक सून आली. डोंगराकडच्या गावातली, नदीकाठची. खाली बसली की तिचे केस जमिनीवर लोळत, असं सांगतात. लग्नात लोकांनी नवऱ्यापेक्षा तिचे केसच जास्त बघितले. नवरा काथोर नावाचा होता. सरळ माणूस, या गोष्टीत त्याला फारसं काम नाही. काम आहे ते त्याच्या आईला, धाकूबायला.

धाकूबाय कमी बोलणारी. सून पहिल्यांदा पाटी उचलायला निघाली तेव्हा तिनं आपलं एक जुनं लुगडं फाडून तिला दुप्पट जाड चुंबळ करून दिली. तरी मीठ झिरपायचं ते झिरपलंच. हंगाम सरत आला तेव्हा राहीची वेणी तिची तिलाच हातात धरवेना, इतकी ती राठ झाली होती. आंघोळीनंतर ती अंगणात बसून तुटलेले केस गोळा करायची आणि त्यांची गुंडाळी करून वळचणीला खोचायची. धाकूबाय ते बघायची.

मग राहीनं माहेरी निरोप धाडला, आणि माहेरहून गोणभर रिठे आले.

रिठा तुम्हाला माहीतच आहे. फळ भिजवायचं, कुस्करायचं, की फेसच फेस. आमच्या गावानं तो तोवर पाहिलेला नव्हता. राही पायरीवर बसून केस धुवायला लागली तसा बायकांचा घोळका जमला. “काय गो हा फेस, दर्याला येतो तसा!” म्हणून त्या हसल्या. मिठाचा चिकटा एका धुण्यात गेला. राही परक्या गावची, बोलायची वेगळं, तोवर तिला कोणी फारसं विचारत नव्हतं. आता जी ती दारात येऊन “राही, मना दे गो थोडं” म्हणायला लागली. तिला ते आवडलं. कोणाला आवडणार नाही? तिनं सगळ्यांना ओंजळी भरभरून रिठे वाटले, आणि हंगामाची शेवटची पाटी राशीवर पडली त्या दुपारी गावातल्या झाडून साऱ्या बायका या पायऱ्यांवर केस धुवायला बसल्या.

दिवस भर उन्हाळ्याचे. तळं आटून तळाला गेलेलं. त्या एवढ्याशा पाण्यात सगळ्या गावाच्या डोक्यांचा फेस उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बाई घागर घेऊन आली तेव्हा पाणी दिसतच नव्हतं, असं सांगतात. नुसती माशांची पांढरी पोटं. दिसतील तेवढे मासे उलटे होऊन तरंगत होते.

आता हे मासे म्हणजे गावाचा जीव होता हे समजून घ्या. त्यांना कोणी खात नसे. ते शेवाळ खात, डासांच्या अळ्या खात, म्हणून पाणी बारा महिने पिण्यासारखं राहत असे. संध्याकाळपर्यंत पाण्याला वास सुटला. गावकीनं उघाडी मोकळी केली. उघाडी म्हणजे बांधाला पाणी सोडायचं दार असतं ते. तळ्यातलं उरलंसुरलं पाणी खाडीला सोडून दिलं आणि पिण्याचं पाणी होडीनं पलीकडच्या गावातून आणायची वेळ आली. त्या गावानंही ते काही हसतमुखानं दिलं नाही.

गावकीचा पुढारी तेव्हा हाशा पाटील. माणूस कडक, पण वाईट नव्हता. त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली आणि सगळ्या पुरुषांच्या डोक्यात तीच बसली: एवढ्या बायका एकदम डोकं धुवायला बसल्या, त्यांच्या केसांतलं वर्षाचं मीठ तळ्यात उतरलं, आणि गोड्या पाण्यातले मासे मिठानं मेले. मिठागरातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्याच्या आयुष्यात जे काही करपतं ते मिठानंच करपतं. निवाडा झाला की मीठ वाहणाऱ्या बाईनं यापुढे तळ्याच्या पायरीला पाय लावायचा नाही. होडीनं आलेल्या पाण्यातलं पाणीही तिनं डोक्याला लावायचं नाही, ते पिण्यापुरतंच.

बायकांनी ऐकून घेतलं. आपल्याच डोक्याचा दोष असं त्यांना पटलंही. मिठानं सोलवटलेल्या टाळूवर घाम आणि धूळ बसून जखमा व्हायला लागल्या. धाकूबायच्या पदरावर डाग दिसायला लागले.

राहीला मात्र झोप लागेना. तिच्या माहेरी उन्हाळ्यात नदी आटली की डबकी राहत, आणि तिचे भाऊ त्या डबक्यांत रिठे कुटून टाकत. मासे गुंगून वर येत, भाऊ ते टोपलीत वेचून घेत. लहानपणापासून तिनं ते बघितलं होतं. पण डोक्याला लावायच्या रिठ्याचा आणि डबक्यातल्या रिठ्याचा संबंध तिच्या मनात कधी जोडलाच गेला नव्हता. तुम्हाला हसू येईल, पण आपण रोज असंच करतो. न्हाणीतून पाणी बाहेर गेलं की ते कुठे गेलं हे आपण विचारत नाही.

ती गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. बोलली तर सासर तुटणार हे तिला दिसत होतं. असं सांगतात की एक दिवस तिनं धाकूबायला भिंतीकडे तोंड करून कोरड्या फडक्यानं टाळू पुसताना पाहिलं, आणि ती तशीच उठून चावडीकडे गेली.

तिथे तिनं दोन पराती मागवल्या. उघाडीच्या खड्ड्यात थोडं पाणी उरलं होतं, त्यात दोनच मासे जगले होते. एकेका परातीत एकेक सोडला. एकीत तिनं धाकूबायची खारी चुंबळ पिळली. मासा जरा बिचकला आणि फिरत राहिला. दुसरीत रिठ्याचं फडकं पिळलं. बघता बघता तो मासा आडवा झाला.

“मासं मिठानं नाय मेलं,” राही म्हणाली. “मी मारलं. या बायांचे डोक्याला दोस देऊ नका.”

बायकांवरची बंदी तिथेच उठली. पण गावाचा राग कुठेतरी जायला हवा होता, तो राहीवर गेला. हाशा पाटील म्हणाला, हिला माहेरी पाठवा. तेव्हा सगळ्यांच्या मागे बसलेली धाकूबाय उठली. चावडीत ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली. “ती गेली तं मी पन चालले,” एवढंच बोलली आणि खाली बसली.

मग राहीनं नवस केला. पुढल्या मिठापर्यंत मला मुदत द्या, ती म्हणाली. मी मासे आणीन. ते या पायरीशी आलेले गावाला दिसले तर मला ठेवा, नाही दिसले तर मी आपण होऊन जाईन. आणि ते दिसेपर्यंत माझ्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडणार नाही. गावदेवीसमोर नारळ ठेवून हे ठरलं.

पावसाळा गेला. तळं धुऊन निघालं, नव्या पाण्यानं भरलं. भर पावसात राही बाहेर पडली की घोंगडी तीन पदरी करून डोक्यावर घ्यायची, नवस मोडू नये म्हणून. पाऊस सरल्यावर ती माहेरच्या नदीतून मडक्यात मासे घालून डोक्यावरून आणायला लागली. दिवसभराची वाट. निम्मे वाटेतच मरत. उरलेले ती तळ्यात सोडायची, ते खाली बुडी मारायचे आणि नाहीसे व्हायचे. त्यांना भात टाकायची, भात तळाला जायचा, मासेही तळाशीच खायचे. वर कोणी येईना. इकडे पाण्यावर शेवाळ चढत चाललं, पोरांना ताप यायला लागले. लोक म्हणायला लागले, हिनं मासे आणले कशावरून? मडकी रिकामीही असतील.

राहीचे केस तोवर बघवत नव्हते. मीठ, घाम, धूळ, मडक्याचा चिखल, आणि पाणी नाही. जटा झाल्या. मान वळवली की मुळं ओढली जायची. ती रडायची नाही, पण झोपेत कण्हायची, आणि ते धाकूबायला ऐकू यायचं.

इकडे आगरात कोंड्या सारवायला सुरुवात झाली. म्हणजे मीठ धरायचे दिवस तोंडावर आले. राहीनं आपलं गाठोडं बांधून ठेवलं होतं, असं माझी सासू सांगायची.

धाकूबायनं काय केलं ते आता ऐका. गावदेवीच्या देवळामागे तेव्हा जास्वंदीचं एकच झाड होतं. फुलं देवीला जायची, पानांना कोणी विचारत नसे. शेळ्यांना तोडून घालताना तो पाला ओल्या हातात चुरगळला की बुळबुळीत होतो, हे धाकूबायला माहीत होतं. तिनं ओटीभर पानं आणली. आदल्या दिवशीचं तांदळाचं धुवण ठेवलेलं होतं, जरा आंबूस झालेलं. त्यात तिनं पानं चोळून चोळून घोटली. असा घट्ट, हिरवट, भेंडी शिजल्यासारखा लेप झाला. भांडं कमरेवर घेतलं आणि राहीला म्हणाली, चल पायरीवर.

राही म्हणाली, “आये, माजा नवस हाय. डोक्याला पानी नाय लावाचं.”

“ये पानी हाय?” धाकूबाय म्हणाली. “ये तं धुवन हाय. देवीनं विचारलं तं मी सांगन तिला.”

गावदेवीशी असा वाद घालायची हिंमत आमच्या गावात त्या आधी कोणी केली नव्हती आणि नंतरही नाही. तिनं सुनेला शेवटच्या पायरीवर पाठमोरं बसवलं आणि जटांना लेप चोपडायला लागली. राठ केस तो लेप पिऊन घेत होते. धाकूबाय बोटानं एकेक गाठ सोडवायची, सुटेना ती लेपानं परत भरायची. यानं फेस येत नाही, घाई करून चालत नाही, पण केस मऊ पडतात आणि सुटे होतात. बायका बघायला जमल्या. कोणीतरी हाशा पाटलाला बोलावून आणलं, नवस मोडतेय म्हणून.

तो आला तेव्हा एक मोठी जट धाकूबायच्या हातातून सटकली आणि पाण्यात पडली. लेपाची हिरवी पुंजकी सुटून पाण्यावर पसरली. भातासारखी बुडाली नाहीत, तरंगली. आणि ती खायला मासे वर आले. एक आला, मग चार, मग पायरीखालचं पाणी नुसतं चमकायला लागलं. असं सांगतात की त्यांनी केसांत शिरून लेपाचा कण न् कण वेचून खाल्ला आणि ती जट त्यांच्या तोंडांनी सुटली, एकही केस न तुटता. मी हे बघितलेलं नाही. पण हात पाण्यात घालून बघा, बोटाला किती हळू चावतात ते.

आधी केस पाण्याला लागले की आधी मासे आले, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. हाशा पाटलानं ते भांडण घातलं नाही. तो पायरीवर उकिडवा बसला, मासे बघत राहिला आणि म्हणाला, “राही हितंच ऱ्हाईल.” मग त्यानं पाण्याला हात जोडले.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण राहीनं भांड्यात बघितलं. तळाशी थोडा लेप उरला होता. तिनं तो ओंजळीत घेतला आणि सासूला म्हणाली, “आये, आता तू बस.”

धाकूबाय मागे सरली. “मना कनाला? माजे डोक्याव काय हाय लावाला?”

सगळ्या बायका बघत होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांनी आपापला पदर नकळत पुढे ओढला. राहीनं सासूचा पदर ओढला नाही, आग्रहही केला नाही. ओंजळ धरून तशीच उभी राहिली. लेप बोटांमधून गळत होता. शेवटी धाकूबाय पायरीवर बसली आणि तिनं स्वतःच्या हातानं पदर खाली घेतला. वर्षानुवर्षं तिचं डोकं नवऱ्यानंही पाहिलं नव्हतं. टाळू पूर्ण उघडी, मिठानं भेगाळलेली, कुठे ओली जखम. राहीनं त्या टाळूवर लेप ठेवला आणि केस असावेत तशा हातानं हलके हलके चोळला.

“थंड वाटतं गो,” धाकूबाय म्हणाली आणि रडायला लागली.

ती टाळू काही परत भरली नाही. तसं कोणी सांगतही नाही, आणि सांगायला लागलं तर मी त्याला गप्प करते. जखमा तेवढ्या भरल्या. पुढच्या पावसात बायकांनी जास्वंदीच्या फांद्या आणून तळ्याच्या बांधावर खोचल्या, हे कुंपण त्यांचंच.

आजही उंबरखारात नवी सून आली की मिठाच्या हंगामाआधी सासू तिला या पायरीवर बसवते. लेपाची पहिली ओंजळ पाण्यात. मासे वर आले तरच दुसरी केसांना, नाही आले तर सगळ्यांनी कोरड्या डोक्यानं घरी जायचं. आणि शेवटची ओंजळ सुनेनं सासूच्या टाळूवर ठेवायची. आता मीठ ट्रॅक्टरनं जातं. माझ्या धाकट्या सुनेच्या वेळी माझे केस चांगले दाट होते, आदल्याच आठवड्यात पार्लरमध्ये जाऊन रंगवलेले. मी म्हटलं, राहू दे गं, मला काय गरज आहे? ती बँकेत नोकरी करणारी पोर, हिला कशाला या गोष्टींचं ओझं, असं माझ्या मनात होतं. पण ती ओंजळ धरून तशीच उभी राहिली. मग मी पदर खाली घेतला.